भट्टीच्या खड्ड्यातलं निळं फुलपाखरू

"निळं ते निळं! त्यात आणखी आमचं-तुमचं काय?"

हे भावजींचं बोलणं मी आमच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ऐकलं. कान लावून नाही हो. दोन घरांच्या मधली भिंतच अशी होती, की पलीकडे चमचा पडला तर आमचे हे इकडे वाकून शोधायचे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. फोटोंना चौकटी करून द्यायचं त्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना फ्रेमवाले म्हणत. त्यांची बायको, माझी जाऊ, तिला घरात धाकटी म्हणत. त्या दिवशी भांडण या दोघांचं चाललं होतं, आणि विषय होता फुलपाखरू. लोक जमिनीवरून भांडतात, सासूवरून भांडतात. आमच्या शेजारी फुलपाखरावरून.

"दुकान बंद करून जेवायला आलो, तर घराला कुलूप. शोधत फिरलो गावभर. आणि बाई कुठे, तर खड्ड्यात!"

"खड्ड्यात म्हणजे काही मेले नव्हते मी. बघत बसले होते."

"काय बघत होतीस?"

"निळी. आपल्या कुंपणावर येतात ती वेगळी, आमच्या खड्ड्यातली वेगळी. उघडी असली की सारखीच दिसतात. पंख मिटले की कळतं. खालून राखाडी रंग, त्यावर काळे ठिपके, आणि मागच्या पंखाच्या कडेला शेंदरी टिकल्यांची ओळ. कुंपणावरच्यांना ती ओळ नसते."

"खालून कोण बघतंय? बघायची ती पुढची बाजू. मागे पुठ्ठा असतो."

"तुमच्या दुकानात असेल. देवाने नाही मारले पुठ्ठे."

मग ताट आपटल्याचा आवाज आला. नंतर बरेच दिवस ती दोघं माझ्यामार्फत बोलत होती. "वहिनी, तिला सांगा, चहात साखर नाही." "जाऊबाई, त्यांना सांगा, डबा ओट्यावर आहे, हात आहेत त्यांना." मी आपली निरोप्या. एकाच खोलीत उभ्या दोन माणसांचे निरोप पोचवायला फार चालावं लागत नाही, एवढंच बरं.

आता तो खड्डा म्हणजे काय ते सांगते. आमच्या वस्तीच्या मागे पूर्वी वीटभट्टी होती. धाकटीचे वडील तिथे विटा पाडायचे. माती काढून काढून मोठा खोलगट खड्डा झाला, भट्टी बंद पडली आणि खड्डा तसाच राहिला. आमच्या घरांच्या निम्म्या विटा तिथल्याच. खड्ड्याच्या कडेची माती पिवळी आणि टणक. तिथे गवतसुद्धा धड येत नसे. एक बारीकसं झाड मात्र यायचं, झाड कसलं, जमिनीला चिकटून पसरलेली वेलच ती, करंगळीच्या नखाएवढी पिवळी फुलं येणारी. धाकटी म्हणायची, तिच्या निळ्या फुलपाखरांना तेवढंच चालतं. अंडी त्याच पानांवर घालतात, अळ्या तीच पानं खातात. आणि अळ्यांची राखण मुंग्या करतात.

"मुंग्या? मुंग्या अळी खाऊन टाकतील की गं," मी म्हटलं.

"नाही खात. अळीच्या पाठीवर गोड थेंब येतो, तो चाटतात. गुराखी बघा ना जाऊबाई, गाईला मारतो का?"

लहानपणी वडिलांचं जेवण घेऊन गेली की ती तिथेच बसायची, त्यामुळे तिला हे ठाऊक. शाळेत आम्ही दोघी सारख्याच, म्हणजे जेमतेम. पण मी अंगणातली मुंगी झाडूने लोटणारी, आणि ती मुंगीला वाट देणारी.

भावजींना यातलं काही नको असायचं. ते कामाचे पक्के होते. काचेखाली एक केस दिसला तर जुळवलेली चौकट पुन्हा खोलायचे. काच कापताना बोलायचे नाहीत, आणि काच नेहमीच कापत असायचे. कुणी विचारलं, "फोटो सरळ बसेल ना?" तर म्हणायचे, "फोटो सरळच आहे, तुमची भिंत बघून घ्या." फोटो, काच, चौकट, मागे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कडेने कागदाची पट्टी चिकटवून टाकायची, की धूळ शिरायला फट नाही. पुठ्ठा बसला की काम संपलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या वस्तूची मागची बाजू पुन्हा कोणी पाहायची नसते, असा त्यांचा हिशोबच होता.

धाकटी गेली ती छातीच्या दुखण्याने. हिवाळाभर खोकत होती. दवाखान्यात नेली आणि तिथून ती परत आली नाही. माणसं आली, बसली, उठली. भावजी सगळ्यांना खुर्च्या देत होते. "पाणी घ्या" म्हणत होते. मी वाट बघत होते, आता मोडतील, मग मोडतील. नाहीच. लगेच दुकान उघडलं. आमचे हे रागावले.

"अरे, लोक काय म्हणतील? चार दिवस तरी बस घरी."

"लोकांचे फोटो अडकलेत, दादा."

तिचा फोटो त्यांनी स्वतःच चौकटीत बसवला. मी डबा घेऊन गेले तेव्हा मागची पट्टी चिकटवत होते. काम झाल्यावर चौकट त्यांनी भिंतीला लावली नाही, की घरी आणली नाही. गिऱ्हाइकांची तयार कामं फळीवर ओळीने लावलेली असत, त्यात ठेवली. मी म्हटलं, "भावजी, रडलात तर बरं वाटेल हो."

"दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा होतो, वहिनी?" ते म्हणाले. "आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. तसं झालंय. दुखत नाही काही."

मी डबा ठेवून आले. 

असंच वर्ष गेलं असेल. मग नगरपालिकेने कळवलं, की भट्टीचा खड्डा बुजवून तिथे बसगाड्या उभ्या करायला जागा करणार. वस्तीतले लोक खूश. डास कमी होतील, कचरा टाकायचा थांबेल, शिवाय बस दारात. शाळेच्या खोलीत सभा घेतली. नगरपालिकेचे साहेब नकाशा घेऊन आले होते. आमचे हे पुढच्या बाकावर, माना डोलावण्यात सगळ्यात पुढे. आणि मागून भावजी उठले. आयुष्यात कधी सभेत तोंड न उघडलेला माणूस.

"तिथे तिचं फुलपाखरू आहे," ते म्हणाले.

कोणीतरी फिसकन हसलं. कोपऱ्यावरचा औषधवाला, त्याच्या जिभेला हाड नाही, तो म्हणाला, "काका, एकच असेल तर त्याला बसमध्ये जागा देऊ!" आमच्या ह्यांनी मान खाली घातली. साहेब मात्र भले होते. त्यांनी विचारलं, कसलं फुलपाखरू? भावजींनी सांगितलं, निळं, फक्त त्या खड्ड्यातलं. साहेब म्हणाले, "हे बघा, इथलं मूळचं, आणि दुसरीकडे न मिळणारं असं काही असेल, तर आम्हाला थांबावं लागतं. पण ते जाणकाराने सांगायला हवं. कॉलेजात एक बाई आहेत, फुलपाखरांचंच शिकवतात. त्यांना दाखवा. भराव टाकणारे डंपर महिनाभरात येतील, त्याच्या आत."

घरी येताना मी विचारलं, "भावजी, तुम्हीच तर म्हणायचात, निळं ते निळं."

ते चालत राहिले. घर येता येता म्हणाले, "म्हणूनच. तिचं आयुष्यात एवढं एकच म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. आता खड्डाच बुजला, तर ती खरी होती हे कोण सांगणार? मी खोटा ठरायला हवा, वहिनी. त्याआधी भराव नको पडायला."

आवाज तोच, 'चहात साखर नाही' म्हणायचा. पण त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. सगळं जग भांडण जिंकायला धडपडतं, हा माणूस मेलेल्या बायकोशी हरायला निघाला होता.

दुपारी दुकान बंद करून ते खड्ड्यात जाऊ लागले. एकदा मीही छत्री घेऊन गेले. धावणं त्यांच्याच्याने होण्यातलं नव्हतं. भांड्यावर झाकायची जाळी हातात धरून ते नुसते उभे राहायचे, जसं काही फुलपाखरू गिऱ्हाईक आहे आणि आपणहून आत येणार आहे. मी म्हटलं, "अहो, जरा पुढे तरी व्हा." तर म्हणाले, "घाई केली की काच तडकते." आणि खरंच, एक दिवस एक आलं. नखाएवढं, निळं. त्यांनी जाळी टाकली.

मग त्यांनी त्याचं जे केलं, ते फ्रेमवालाच करू जाणे. पांढऱ्याशुभ्र जाड कागदावर पंख पूर्ण उघडून, डिंकाचा हलका हात देऊन ते बसवलं. अगदी सपाट, कुठे सुरकुती नाही. वर काच. सोनेरी पट्टीची चौकट, त्यांच्याकडची सगळ्यात भारी. मागे पुठ्ठा, पुठ्ठ्याला पट्टी, वर टांगायला कडी. मला दाखवलं तेव्हा मी बघतच राहिले. इतकं सुंदर, की राणीच्या महालात लावावं. माझ्या तोंडून निघालं, "धाकटी असती तर..." ते म्हणाले, "हं."

धुतलेला शर्ट घालून, चौकट कागदात बांधून ते कॉलेजात गेले. पुढचं त्यांनीच मला ओट्याशी उभं राहून सांगितलं, तसंच लिहिते.

कॉलेजातल्या बाई वयाने लहान, बोलायला गोड. चौकट बघून म्हणाल्या, "काका, किती सुरेख केलंत हो हे!" मग चौकट उलटी केली. पुन्हा सुलटी केली. "पण हे उपडं करून बघता येईल का? वरून ही निळी सगळी एकसारखी दिसतात. ओळख पटते ती पंखांच्या खालच्या बाजूने."

भावजी म्हणाले, "मागे पुठ्ठा आहे."

"पुठ्ठा काढूया ना."

पुठ्ठा काढला. मागे जाड कागद. बाईंनी कागदाला वाफ दिली, बारीक चिमट्याने पंख हळूहळू सोडवला. पंख सुटला, पण त्याच्या खालचा रंग डिंकातच राहिला. फुलपाखराच्या पंखाचा रंग म्हणजे भुकटी असते म्हणे, बोटाला लागते तशी. हातात उरला काचेच्या कपचीसारखा नितळ पंख, ना ठिपका ना टिकली. बाईंनाच वाईट वाटलं. दुसरं आणून द्यायलाही नको म्हणाल्या. "मारू नका, काका. थोडी असतील तर एकही घालवायला नको. मीच येते, जागेवर बसून बघू."

"मागची बाजूच लागते म्हणे, वहिनी," भावजी मला म्हणाले.

मला ते भांडण आठवलं. त्यांनाही आठवलं असणार, कारण ते ओट्याकडे बघत म्हणाले, "सांगत होती ती." आणि जेवायला बसले. जेवले नेहमीएवढंच.

बाई आल्या त्या दिवशी आभाळ भरलेलं. ऊन नसलं की ही फुलपाखरं गवताच्या काडीला चिकटून बसतात, दिसतच नाहीत. पुन्हा आल्या, पुन्हा ढग. त्यांनी साहेबांना फोन करून थोडं थांबा म्हटलं, साहेबांनी कागद मागितला, आणि कागदावर लिहायला अजून काही दिसलं नव्हतं. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने डंपर यायला लागले. पिवळ्या मातीवर दुसरीकडची काळी माती, फुटक्या फरशा, सिमेंटचे तुकडे. भावजी दुकानाच्या दारात उभे राहून डंपर जाताना बघायचे. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "ताडपत्री बांधत नाहीत नीट. रस्त्यावर माती सांडते."

ऊन पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त खड्डा भरून गेला होता. बाई धावत आल्या. लांबच्या कडेला, जिथे अजून पिवळी माती उघडी होती, तिथे ती दोघं जमिनीवर बसली. मी वर उभी. बाईंनी वेलीची पानं उचलून बघितली आणि भावजींना बोलावलं. पानाखाली हिरवी अळी, चपटी, गोगलगाईसारखी, आणि तिच्या पाठीवर मुंग्या चढउतार करत होत्या. भावजींनी अळीकडे पाहिलं, मुंग्यांकडे पाहिलं. "गुराखी," ते म्हणाले. म्हणजे ती माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगायची, ते भावजींनीही पलीकडून ऐकलेलं होतं. भिंत दोन्हीकडून सारखीच पातळ.

मग एक निळं आलं, पिवळ्या फुलावर बसलं आणि पंख मिटले. बाईंनी भिंग काढलं. कितीतरी वेळ बघितलं आणि भिंग भावजींच्या हातात दिलं.

"बघा. राखाडी, काळे ठिपके, कडेला शेंदरी ओळ. काकू बरोबर होत्या. कुंपणावरचं ते वेगळंच. हे इथलंच आहे, भट्टीच्या मातीतलं. हे झाड आणि ह्या मुंग्या, दोन्ही असतील तिथेच राहतं. मी शोधतेय, मला दुसरीकडे अजून सापडलेलं नाही."

भावजींनी भिंगातून पाहिलं. फुलपाखरू उडून गेलं तरी ते त्या फुलाकडेच बघत होते. शेवटी बाईंनी हात पुढे केला, तेव्हा भिंग परत दिलं. गुडघ्यावर हात टेकून उठले. "मी खोटा," ते म्हणाले. मला वाटलं, आता तरी रडतील. पण त्यांनी पँटवरची माती झटकली आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघाले.

कागद झाला, डंपर थांबले. उरली ती एक पट्टी. आमच्या दोन्ही घरांची अंगणं जोडली तर होईल तेवढी. तिला तारेचं कुंपण घातलं, पाटी लावली. बाकीच्या जागेवर बसगाड्या आल्या. औषधवाला म्हणायचा, "चला, फुलपाखरांचाही थांबा झाला." पण बाई मला खरं बोलल्या. इतक्या थोड्या जागेत ती टिकतीलच असं नाही. गाड्यांचा धूर, तेल, दिवसभर सावली, मुंग्यांनी वारूळ हलवलं तर संपलंच. बघत राहावं लागेल. आणि भावजींना म्हणाल्या, "काका, तुम्ही जवळ राहता. हंगामात ऊन असेल त्या दिवशी एक चक्कर मारून मला फोनवर कळवाल का?"

"कळवतो," भावजी म्हणाले. गिऱ्हाइकाला सांगतात तसं.

तेव्हापासून हंगाम आला की दुपारी दुकान बंद, छत्री घेऊन तारेपाशी. घरात फोन नव्हता, म्हणून येताना औषधवाल्याच्या दुकानातून फोन. पहिल्या वर्षी "आज दिसली" असं सांगायचे. पुढच्या वर्षी "आज एक दिसलं." मग बरेच दिवस काही नाही, मग पुन्हा एक. आणि त्यानंतर, "आज नाही."

वर्षामागून वर्षं "आज नाही." बाईंचं लग्न झालं, मूल झालं, केसांत पांढरं दिसायला लागलं. फोनवर त्याच असायच्या. कधी म्हणायच्या, "काका, आता उन्हात नका जाऊ." भावजी म्हणायचे, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी जायचे. औषधवाला एकदा म्हणाला, "काका, 'आज नाही' एवढंच सांगायचं असेल तर मीच सांगत जाईन की रोज. तुमचे पाय वाचतील."

"तुम्ही बघून आलात का?" भावजींनी विचारलं.

"नाही."

"मग कसं सांगाल?"

नंतर फोनशेजारी औषधवाल्याने एक स्टूल ठेवलं. कुणासाठी ते बोलला नाही, पण त्यावर दुसरं कोणी बसलं की उठवायचा.

मी एकदा विचारलं होतं त्यांना, "भावजी, तारेपाशी उभे असता तेव्हा काय वाटतं हो?" विचार करून म्हणाले, "पायाला मुंग्या येतात." मी हसले. ते हसले नाहीत, खरंच सांगत होते.

दुकान त्यांनी पुढे विकलं. आमचे हेही गेले. मग पलीकडे ते आणि अलीकडे मी, सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे जेवायचे. त्या वर्षी हंगाम लागला तेव्हा त्यांना बारीक ताप होता, अंगात उभं राहायची ताकद नव्हती. मी दारात आडवी उभी राहिले. "आजच्या दिवस राहू द्या. एवढ्या वर्षांत नाही आलं, ते काय आज येऊन बसणार आहे तुमच्यासाठी?"

"ऊन आहे," ते म्हणाले.

छत्री घेतली, चपला घातल्या. मी खिडकीतून पाहत राहिले. तारेपाशी पोचायला त्यांना नेहमीपेक्षा फार वेळ लागला. पोचले. छत्री उघडली. बसगाड्या येत होत्या, जात होत्या. पिवळी फुलं होती थोडी, खिडकीतून नुसता पिवळा पट्टा दिसावा इतपत. ते वाकून पानांखाली बघत होते, मग सरळ उभे राहत होते, मग पुन्हा वाकत होते. तेवढं बघून झाल्यावर छत्री मिटली आणि औषधवाल्याकडे वळले.

तिथलं औषधवाल्याने मला नंतर सांगितलं. स्टुलावर बसले, पाणी नको म्हणाले. नंबर फिरवला. बाईंनीच उचलला.

"आज नाही," भावजी म्हणाले. "उद्या ऊन असलं तर बघतो."

आणि फोन नीट जागेवर ठेवला.